ओझे हलविण्याची विद्या

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व माजी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





मी इतिहासाचा शिक्षक. तेव्हा डेटा सेंटरमधील जड यंत्रसामग्री एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर सुखरूप कशी न्यावी, हा विषय मी का घेतला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. चिटणीससाहेबांनीही तो मला विचारला. त्याला दोन कारणे आहेत. एक आपल्या सर्वांचे आहे, दुसरे माझे एकट्याचे. आधी माझे सांगतो. कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचे सांगण्याचा अधिकार मला पोचत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी दुसऱ्या एका शाळेत होतो. तेथील ग्रंथालयाचे लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणायचे होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते. पुस्तके काढून कपाट उतरवायचे आणि पुन्हा लावायचे म्हणजे दीड-दोन तास गेले असते. मी म्हणालो, "पुस्तकांसकटच उचलू या, आठ जण आहोत." वरच्या बाजूला मी व तीन शिक्षक, खालच्या बाजूला तीन मजूर आणि शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सारे चाचा म्हणत असू. जिन्याच्या वळणावर कपाट अडले. मी वरून ओरडलो, "थांबा!" त्याच क्षणी दुसरे कोणी ओरडले, "सोडा, सोडा!" आतली पुस्तके एका अंगाला घसरली, कपाट कलले आणि चाचांचा उजवा हात कपाट व भिंत यांच्यामध्ये सापडला. दोन बोटांची पेरे डॉक्टरांना काढावी लागली. मी इस्पितळात भेटायला गेलो, तेव्हा चाचाच मला धीर देऊ लागले. म्हणाले, "सर, नसीब!"

वाचकहो, तो शब्द अजून माझ्या कानात आहे. ते नसीब नव्हते. कपाटाचे वजन काढले नव्हते, जिन्याचे वळण मोजले नव्हते, पुस्तके उतरवली नव्हती आणि हुकूम देणारी तोंडे एकाहून अधिक होती. चूक एक नव्हे, चार. आणि चारही माझ्या. जे साध्या हिशेबाने टळले असते ते आपण नसिबाच्या माथी मारतो, आणि त्याची किंमत बहुधा खालच्या पायरीवरचा माणूस मोजतो. माझ्या आजच्या सांगण्याचा मथितार्थ एवढाच आहे.

आता दुसरे कारण. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना ऐरोली, रबाळे, महापे या भागांत खिडक्या जवळजवळ नसलेल्या मोठ्या इमारती आपण पाहिल्या असतील. त्यांतील पुष्कळशा डेटा सेंटरच्या आहेत. आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो, रेल्वेचे तिकीट काढतो, मुलांचे निकाल पाहतो, त्या साऱ्याचा हिशेब ठेवणारे संगणक अशा इमारतींतून रात्रंदिवस चालू असतात. देशातील अशा केंद्रांचा सर्वांत मोठा वाटा आज मुंबई व नवी मुंबईच्या परिसरात आहे. येथे जमीन महाग, म्हणून इमारती मजल्यांवर मजले चढवून बांधतात. आणि मजले आले की सामान वर चढविणे आले. हे काम कोण करते? संगणकाचे इंजिनिअर नव्हेत. ते करतात वायरमन, फिटर, हमाल आणि क्रेनवर काम करणारे मजूर. आपल्या संस्थेतून दहावी-बारावी करून बाहेर पडलेली कितीतरी मुले ह्याच कामांवर आहेत. त्यांच्यातला एक मला भेटायला शाळेत आला होता. आज जे तांत्रिक सांगणार आहे त्यातील बरेचसे मी ह्या माझ्या विद्यार्थ्याकडूनच शिकलो, हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

प्रथम ओझे किती असते ते पाहू. संगणक ठेवण्याच्या उभ्या लोखंडी चौकटीला रॅक म्हणतात. सर्वसाधारण रॅक सुमारे २ मीटर उंच, ६० सेंटिमीटर रुंद आणि १ ते १.२ मीटर खोल असते. रिकामी रॅकच शंभर-सव्वाशे किलोची भरते. यंत्रे भरल्यावर तिचे वजन हजार किलोच्या घरात, कधी त्याहून पुढे जाते. २०२४ साली एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलेली ७२ प्रोसेसरांची रॅक सुमारे १३६० किलोची आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेल्या रॅमॅक संगणकाच्या ५० तबकड्यांच्या साठवण-यंत्राचे वजन एक टनाहून अधिक होते आणि त्यात मावत होती केवळ ५० लाख अक्षरे. आज त्याच्या कित्येक पट मजकूर खिशातल्या फोनमध्ये मावतो. पण रॅकचे वजन काही कमी झाले नाही. विद्या हलकी झाली, ओझे तेवढेच राहिले.

हे ओझे हलविण्याचे शास्त्र आपल्याला परके नाही, हे सांगणे इतिहासाचा शिक्षक म्हणून माझे कर्तव्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथे हेरॉन नावाचा विद्वान होऊन गेला. जड वस्तू उचलण्याच्या साधनांवर त्याने यंत्रशास्त्राचा ग्रंथ लिहिला. चाक व आस, तरफ, कप्पी, पाचर आणि मळसूत्र ही पाच साधी यंत्रे त्यात समजावून दिली आहेत. त्या ग्रंथाची मूळ ग्रीक प्रत काही तुकडे सोडता नाहीशी झाली. पूर्ण ग्रंथ आज जगाला उपलब्ध आहे तो केवळ अरबी भाषांतरामुळे. नवव्या शतकात ते भाषांतर केले बालबेकच्या कुस्ता इब्न लूका या ख्रिस्ती विद्वानाने. पुढे ११२१ मध्ये मर्व येथील अल्-खाझिनी याने 'मीझान अल्-हिकमा' हा तराजूवरचा ग्रंथ लिहिला आणि त्यात वजन व गुरुत्वमध्य यांचा सखोल विचार केला. उर्दूत यंत्रशास्त्राला 'जर्रे सकील' असा जुना शब्द आहे. त्याचा अर्थच जड वस्तू ओढणे. तेव्हा आपला मुलगा क्रेनवर किंवा हमालीच्या टोळीत काम करतो हे सांगताना ज्या पालकांची मान खाली जाते, त्यांनी ती खाली घालण्याचे कारण नाही. मात्र ते काम इल्मासह केले पाहिजे.

आता ती रीत क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट मोजमाप. रॅक जागची हलविण्याआधी तिचा सारा रस्ता टेप घेऊन चालावा. ट्रकपासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून शेवटच्या जागेपर्यंत प्रत्येक दरवाज्याची उंची-रुंदी, प्रत्येक वळण, प्रत्येक उंबरठा, छताखाली लोंबणारा प्रत्येक पाइप कागदावर लिहून काढावा. दोन मीटरची रॅक लाकडी पेटीत आणि पाटावर बसली की उंची वाढते आणि दरवाज्यातून जाणारी वस्तू दरवाज्यात अडते. असे अडल्यावर माणूस जे करतो तेच धोक्याचे असते: तो ती आडवी-तिरपी करून घुसवू पाहतो. वजनही अंदाजाने धरू नये. कंपनीच्या कागदावर लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे.

दुसरी गोष्ट, ओझे हलके करणे. जे वेगळे काढता येते ते आधी काढावे. वीज गेल्यावर यंत्रे चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या बॅटऱ्या फार जड असतात; त्या काढून वेगळ्या न्याव्यात. रॅक रिकामी करायची तर वरून सुरुवात करावी, भरायची तर खालून. माझ्या कपाटातली पुस्तके मी काढली असती, तर आज हे व्याख्यान द्यावे लागले नसते.

तिसरी गोष्ट तोल. माझ्या त्या विद्यार्थ्याने शिक्षकांच्या खोलीतली खडूची पेटी टेबलावर उभी केली आणि एका बोटाने ती हळूहळू कलवत मला विचारले, "सर, ही केव्हा पडेल?" उत्तर आपल्या नववी-दहावीच्या मुलांना काढता येईल. पेटीच्या गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा पायाच्या बाहेर गेली की पेटी पडणार. आता रॅकचा हिशेब करा. रुंदी ६० सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ३०. गुरुत्वमध्य १ मीटर उंचीवर असेल तर रॅक सुमारे १७ अंश कलताच उलटेल. जड यंत्रे वर आणि गुरुत्वमध्य दीड मीटरवर असेल तर अवघ्या ११ अंशांत. तीच जड यंत्रे तळाशी ठेवून गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर आणला, तर मात्र ३१ अंशांपर्यंत ती सावरेल. रॅक तीच, वजन तेच. फक्त मांडणी बदलली. आणि एकदा हजार किलो कलंडू लागले की ते हाताने सावरायला कोणीही जाऊ नये. यंत्र पुन्हा विकत मिळते. पडणाऱ्या रॅकला हात लावू नये, बाजूला व्हावे, हे टोळीतल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवले पाहिजे.

चौथी गोष्ट चाके आणि जमीन. १२०० किलोची रॅक चार चाकांवर उभी असली, तर प्रत्येक चाकाखाली ३०० किलो येतात, असे आपण म्हणतो. पण जमीन किंचित जरी उंचसखल असली, तर एक चाक अधांतरी राहते आणि बाकीच्यांवर भार वाढतो. चिखलात खाटेचा पाय कसा रुततो ते आपण पाहिले आहे. लहान जागेवर मोठा भार आला की तेच होते. डेटा सेंटरमध्ये पुष्कळ ठिकाणी मूळ जमिनीच्या वर दुसरी पोकळ फरशी बसवलेली असते, साधारण ६० सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यांची, आणि खालून वारा किंवा तारा जातात. ह्या फरशीवरून ओझे नेण्याआधी तिची क्षमता विचारावी आणि चाकांच्या वाटेवर जाड प्लायवूड किंवा लोखंडी पत्रे अंथरावेत, म्हणजे भार पसरतो. आणि दोन तुकड्यांमधल्या फटीकडे लक्ष असावे. फटीत चाक अडकते, खालचा भाग थांबतो, वरचा भाग मात्र पुढे जाऊ पाहतो.

पाचवी गोष्ट लिफ्ट. हीत फसगत सर्वाधिक होते. आपल्या इमारतींतल्या लिफ्टमध्ये '८ व्यक्ती, ५४४ किलो' असे लिहिलेले आपण वाचले असेल. एका माणसाचे ६८ किलो धरून तो हिशेब केलेला असतो. अशा लिफ्टमध्ये रॅक घालणे म्हणजे वेडेपणाच. पण '२००० किलो' लिहिलेल्या मालवाहू लिफ्टमध्येही १२०० किलोची एकच वस्तू बिनधोक घालता येईल, असे समजू नये. अमेरिकेच्या लिफ्ट-संहितेत हाताने माल भरण्याच्या सामान्य मालवाहू लिफ्टसाठी असा नियम आहे की, कोणतीही एक वस्तू लिफ्टच्या क्षमतेच्या एक-चतुर्थांशाहून जड असू नये. म्हणजे २००० किलोच्या अशा लिफ्टमध्ये एकेक नग ५०० किलोपर्यंतचाच. कारण सोपे आहे. क्षमता ठरवताना माल पाळण्याच्या तळावर सारखा पसरलेला धरतात. एक जड वस्तू आत ढकलताना तिचा सारा भार आधी उंबरठ्याच्या कडेवर येतो, पाळणा एका अंगाला झुकतो आणि त्याला सरळ ठेवणाऱ्या रुळांवर ताण येतो. जड एकाच नगासाठी बनविलेल्या लिफ्ट वेगळ्या असतात. तेव्हा 'किती किलो?' एवढेच विचारून भागत नाही. 'कशा प्रकारच्या भारासाठी?' हेही लिफ्ट बसविणाऱ्याला विचारावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. रॅकच्या वजनात हातगाडीचे आणि सोबतच्या माणसाचे वजन मिळवावे.

लिफ्टचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. पाळणा दोरांवर लोंबत असतो. जड वस्तू आत आली की दोर ताणले जातात आणि पाळणा थोडा खाली बसतो. मग उंबरठ्यावर पायरी तयार होते आणि चाक तेथे अडते. म्हणून उंबरठ्यावर लोखंडी पट्टी टाकून, सावकाश, सरळ रेषेत आत न्यावे, मध्यभागी ठेवावे, चाकांना ब्रेक लावून पाचरी माराव्यात. रॅक आणि भिंत यांच्यामध्ये माणसाने उभे राहून प्रवास करू नये. जास्त वजनाची घंटा वाजली, तर वस्तू बाहेर काढावी. घंटा बंद करण्याची युक्ती ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या कामावरून घरी पाठवावे.

सहावी गोष्ट उतार. १२ फुटांत १ फूट चढणारा उतार आपल्याला चालताना सोपा वाटतो. पण अशा उतारावर १२०० किलोची रॅक १०० किलोच्या जोराने खाली यायला पाहते. तो जोर दोन माणसांनी पाठ लावून अडवायचा नसतो. वरून पट्ट्याने किंवा विंचने धरून ठेवायचा असतो. उतारावर ओझ्याच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही. चाचा कोठे उभे होते ते आठवा.

लिफ्टने जमत नसेल, तर बाहेरून क्रेनने वरच्या मजल्यावर माल घेतात. तेथेही हिशेबच आहे. दोन दोरांनी वस्तू उचलताना दोर आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येक दोरावर एकूण वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. कोन ३० अंशांवर आला, तर प्रत्येक दोरावर पूर्ण वजनाएवढा ताण येतो. 'त्रिकोणमितीचा उपयोग काय?' असे मुले विचारतात. त्यांना हे सांगावे. वारा जोराचा असेल तर काम थांबवावे, आणि लोंबत्या ओझ्याखालून कोणी जाऊ नये.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट: हुकूम एकाचा, आणि 'थांबा' म्हणण्याचा हक्क सर्वांचा. चला, उचला, सोडा हे एकानेच म्हणावे, आणि तो कोण हे कामाआधी ठरलेले असावे. पण 'थांबा' हा शब्द टोळीतल्या सर्वांत लहान पोराने उच्चारला तरी सर्वांनी थांबावे, आणि का थांबवले म्हणून त्याच्यावर रागावू नये. त्याला काहीतरी दिसलेले असते.

ही शिस्त पाहायची असेल, तर केरळातल्या कोळिकोडजवळील बेपूरच्या मापिल्ला खलाशांकडे पाहावे. जहाजे पाण्यात लोटण्याचे आणि बाहेर ओढण्याचे काम हे मुस्लिम कामगार पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. ८ जुलै १९८८ रोजी पेरुमण येथील पुलावरून आयलंड एक्स्प्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले आणि शंभराहून अधिक प्रवासी दगावले. ते बुडालेले डबे काढण्याच्या कामी ह्या खलाशांना बोलावण्यात आले. त्यांच्याजवळ होते दोरखंड, कप्प्या आणि माणसांनी फिरवायचा लाकडी रहाट. एकाच्या आवाजावर सर्वांचा जोर एका वेळी लागायचा. त्यांच्या दंडांत बळ होतेच. पण डबे हलले ते कप्पीच्या हिशेबाने आणि एका आवाजाच्या शिस्तीने.

आपल्या महाराष्ट्राने ओझे वाहणाऱ्यांसाठी १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला, ही अभिमानाची बाब आहे. त्यापूर्वी १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिफारस केली की, प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाचे ओझे ५५ किलोहून अधिक असेल तर ते त्या मर्यादेपर्यंत खाली आणावे. माझ्या माजी विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: तुम्ही ठेकेदाराकडे कामाला असाल, तर कामाची जागा, ओझ्याचे वजन, पायांत लोखंडी टोपीचे बूट आणि अपघाताचा विमा, ह्या चार गोष्टी पहिल्याच दिवशी विचारा. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. आणि तुमच्यापैकी जे ठेकेदार झाले आहेत, त्यांनी मजुराने विचारण्याची वाट पाहू नये. मालकाचे यंत्र आपल्या हाती अमानत असते, हे आपण मानतो. मजुराचा हात ही त्याहून मोठी अमानत आहे.

संस्थेपुढे एक नम्र सूचना ठेवतो. वर्षातून एक दिवस मैदानावर तरफ, कप्पी, पाचर आणि उतार यांचा सराव घ्यावा. पुस्तकांनी भरलेले एक खोके पुरे आहे. विज्ञानाच्या सरांनी हिशेब सांगावा आणि टोळीत काम करणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याने तो करून दाखवावा. त्या दिवशी तो आपला पाहुणा आणि आपला शिक्षकही असेल.

चाचा आता सेवानिवृत्त झाले आहेत. ईदला मी त्यांच्या घरी जातो. ते त्याच उजव्या हाताने शीरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे करतात आणि जुना विषय निघालाच, तर अजूनही 'नसीब' म्हणतात. त्यांनी मला माफ केले, हा त्यांचा मोठेपणा. हिशेब मात्र माझ्याकडे बाकी आहे, आणि तो मी असा, तुम्हांला सांगून, थोडाथोडा फेडतो आहे.

वाचकहो, उद्या आपल्या घरात फ्रिज किंवा कपाट हलवायचे निघेल. तेव्हा आधी टेप हाती घ्या, आतले सामान काढा, हुकूम एकाकडे द्या आणि खालच्या पायरीवर कोण उभे आहे ते पाहा. एवढे जरी झाले, तरी माझे बोलणे वाया गेले नाही असे मी समजेन.

अल्लाह आपल्या सर्वांचे हातपाय आणि आपली संस्था सलामत ठेवो. 

खुदा हाफिज.